चाकामागचा हात

दुपारचं दूध पिऊन जुई झोपली आहे. ऋजुता झोपलेली नाही, नुसती आडवी झाली आहे, एक तळवा लेकीच्या पोटावर ठेवून. पोट वर येतं, खाली जातं. मधे जरा उशीर झाला की ऋजुताचे डोळे टक्क उघडतात. जुई झाल्यापासून हेच चाललंय, बाळ झोपतं आणि आई राखण करते. आज तिचा नवरा पराग नवी गाडी बुक करणार आहे. कुठली, ते सकाळी हिनंच मान तुकवून सांगितलंय: घे बाबा, ऑटोमॅटिक घे.

खरं तर ही गाडी दोघांनी मिळून जोपासलेलं खूळ. फोर बाय फोर, घाटात आणि चिखलात घालायची, निव्वळ हौसेची. आणि गिअरचीच, हेही लग्नाआधीपासून ठरलेलं. पण मध्यंतरी चढावरच्या सिग्नलला तिच्या हातून जुनी गाडी बंद पडली आणि हातभर मागं आली. मागच्या रिक्षावाल्यानं तिचा उद्धार केला, मागच्या सीटवर जुई किंचाळली. झालं काही नाही. काहीच झालं नाही, पण त्या दिवसापासून तिनं जुन्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावलेला नाही.

पोट वर येतं, खाली जातं. हळूहळू त्यात बारीक घरघर मिसळते. थंडीत सकाळी इंजिन सुरू झाल्यावर करतं तशी.

"चोक ढकल की आत," कुणीतरी म्हणतं.

शोरूममध्ये विक्रेत्याच्या खुर्चीत आबा बसले आहेत. आबा म्हणजे तिचे वडील, गगनबावड्याच्या बाजूचे जनावरांचे डॉक्टर. जाऊन काही वर्षं झाली. पायात गमबूट, पांढऱ्या फरशीवर चिखलाचे ठसे. शेजारी एक म्हैस उभी आहे आणि गाड्यांची माहितीपत्रकं चघळते आहे. त्याचं कुणालाच नवल नाही.

"तुम्ही तर गेलाय ना, आबा?"

"गेलोय की. म्हणून तर वेळ आहे."

तिला गाडी आबांनीच शिकवली, त्यांच्या जीपवर. जीप चढावर उभी करायचे, मागच्या चाकाला चिकटवून काडेपेटी ठेवायचे आणि म्हणायचे, आता काढ. काडेपेटी चेपली तर चहा तू करायचा. पहिल्या उन्हाळ्यात तिनं घरादाराला चहा पाजला होता.

"बरं झालं आलात," ती म्हणते. "पराग ऑटोमॅटिक घेतोय."

"शहाणा आहे."

ती बघतच राहते. "हे तुम्ही म्हणताय? ऑटोमॅटिक म्हणजे दात पडल्यावरचं जेवण, म्हणायचात!"

"तेव्हा तू एकटी होतीस. आता मागं लेकरू आहे. ती गाडी चढाला मागं येत नाही, बंद पडत नाही, डाव्या पायाला सुट्टी. काय वाईट?"

"चालवून बघितली मी. डावा पाय गप्प बसतोय होय? क्लच समजून सगळ्या जोरानं ब्रेकवर पडला. परागची कॉफी त्याच्याच शर्टावर."

"होईल सवय. तो पाय बांधून ठेव."

"आबा!"

आबा टेबलावरची चावी बोटात फिरवत राहतात. "मला भीती वाटते गं. जिवंत होतो तेव्हा पुढचा एकच चढ दिसायचा. इथनं सगळेच दिसतात."

म्हैस मान हलवते आणि फरशी कलते. पांढऱ्या फरश्यांच्या फटींतून गवत वर येतं, काचेच्या भिंतींचं धुकं होतं, आणि ऋजुता घाटातल्या चढावर जीपमध्ये बसली आहे. उजवा पाय ब्रेकवर, डावा क्लचवर. मागं जुई पट्ट्यात बांधून गाढ झोपलेली. वळणावर मैलाच्या दगडाच्या जागी तिच्याच ओट्यावरचा कुकर बसला आहे, शिटीच्या बेतात.

आबा दार उघडून उभे आहेत. "उतर. मी घेतो वरपर्यंत. तू मागं बस लेकीजवळ."

"नाही उतरणार."

"हट्ट करू नकोस, बाळ."

"हट्टच आहे!" तिचा आवाज दरीतून परत येतो, आणखी मोठा होऊन. "सगळे मला हेच सांगतात. बाळ रडतंय, इकडं दे, तू बस. ताप कशाला सारखा बघतेस, तू बस. फार लक्ष असतं बाई तुझं, सोडून दे जरा. आणि आता गाडीही तसलीच आणायची, तिचं ती बघणार, मी नुसती चाक धरून बसणार! मला एवढंच तर येतं, आबा. लक्ष ठेवायला येतं. क्लच कुठं पकडतो ते आधी माझ्या तळव्याला कळतं, मग मला. माझी धास्ती कामाला येते अशी एकच जागा आहे जगात, तीही काढून घेताय?"

"आलीस ना पण मागं, त्या दिवशी?"

"आले. हातभर आले. तुम्ही चिखलाच्या शर्यतीत जीप आडवी पाडली होती. तुम्हाला कुणी म्हणालं का, डॉक्टर, आता मागं बसा?"

आबा हसत नाहीत.

"आणि एक सांगून ठेवते. तुमची आठवण म्हणून बिणून घेत नाहीये मी गिअरची. मला हवी म्हणून."

आबा दार लावून घेतात. खिसे चाचपतात. "काडेपेटी नाही आता जवळ," असं पुटपुटत जीपच्या मागं जातात. आरशात ती बघते तर आबा उकिडवे बसले आहेत आणि मागच्या चाकाला टेकवून त्यांनी स्वतःचा हात ठेवला आहे. पालथा, बोटं पसरून.

"हात काढा आबा!"

"मेलेल्या माणसाचा हात. चेपला तर काय सुतक पाळणार आहेस? काढ गाडी."

"काढा म्हणते ना!"

"मग उतर खाली."

ती उतरत नाही. हँडब्रेक ओढते, पहिला गिअर टाकते. डावा पाय सावकाश वर येऊ लागतो. अजून नाही. अजून नाही. मग बॉनेट किंचित उचलतं, इंजिनाचा आवाज जाड होतो आणि तळव्याखाली काहीतरी धरतं, जुईनं बोट धरावं तसं. भीती आहे तेवढीच आहे, तसूभरही कमी झालेली नाही. पण आता तिला काम लागलं आहे. ऋजुता हँडब्रेक सोडते. जीप मागं येत नाही, केसभरसुद्धा नाही. पुढं निघते.

आरशात आबा उठतात, हात झटकतात आणि तो उंच धरतात, पाचही बोटं धड. थांब म्हणतायत की जा म्हणतायत, धुक्यात कळत नाही. तिला थांबावंसं वाटतं. ती दुसरा टाकते.

कुकरची शिटी होते, होतच राहते, आणि तो फोन असतो.

"शोरूमला पोचलोय," पराग म्हणतो. "ऑटोमॅटिक सांगतोय, बरं का?"

"गिअरची सांग."

"अगं, सकाळीच तर म्हणालीस."

"सकाळी घाबरून म्हणाले. आताही घाबरलेलीच आहे. गिअरची सांग."

"आणि चढाला?"

"चढाला मी चालवीन. तू मागं बस जुईजवळ."

मग पराग म्हणतो, "मागं बसलं की मला मळमळतं."

"लिंबू घेऊन बस."

फोन ठेवून ती पाय खाली सोडते आणि डावा तळवा फरशीला टेकताच चरचरतो. ती तो मांडीवर उलटा घेऊन बघते. तळव्यावर आडव्या रेघा उमटल्या आहेत, लालबुंद, खोल, एकाखाली एक, पेडलच्या रबरावर असतात तशा. गादी मऊ आहे, चादर सुती आहे. ती अंगठ्यानं चोळते. रेघा जात नाहीत.

जुई कधी जागी झाली कोण जाणे. ती रांगत येते, आईच्या तळव्यावर एक बोट ठेवते आणि ते रेघेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेते. मग खालच्या रेघेवर. गुदगुल्या होतात, झोंबतंही. ऋजुता पाय मागं घेत नाही.