तिच्या अंघोळीचं पाणी

दाराला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. आजही करते. तरी हे लिहितेय, कारण इतकी वर्षं पोटात ठेवून आता जड झालंय.

१९९४-९५चा सुमार. मीरा रोडला पूनम सागरमध्ये तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहायचो — मी, आमचे हे, धाकटे दीर आणि त्यांची बायको सुनंदा. मूळचे रत्नागिरीकडचे. पाणी एक दिवसाआड, दुपारी, तेही जेमतेम अर्धा तास. नळ सुरू झाला की सुनंदा स्टीलच्या पेल्याने प्रत्येकाच्या ग्रिलवर वाजवत जायची... टण टण टण. अख्खा मजला बादल्या घेऊन धावायचा.

तिला दिवस गेले. चौथा महिना लागला तशी सकाळी उठली की डोकं धरून बसायची, मग उलट्या. "वैनी, डोकं फुटतंय गं." मी मोठी शहाणी! म्हटलं, "डोहाळे कडक आहेत, मुलगा होणार बघ." सुंठ उगाळून कपाळाला लावली. दोन महिने हेच. मग तिला एका पेल्याचे दोन दिसायला लागले, तेव्हा कुठे मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

डोक्यात गाठ. डॉक्टर म्हणाले, बाळ फार लहान आहे. औषधांनी सूज दाबत काही आठवडे काढू, मग सिझेरियन, मग डोक्याचं ऑपरेशन. "थोडं आधी आणलं असतं तर..." एवढं बोलून ते फाईल चाळत राहिले. सुनंदाने माझा हात घट्ट धरला. "वैनी, आधी बाळ. माझं मग बघू."

आठव्या महिन्यात मुलगी झाली. काही आठवड्यांनी बाळ घरी आलं. सुनंदा मात्र ऑपरेशननंतर शुद्धीवर आलीच नाही, हॉस्पिटलातच होती.

एका दुपारी बाळ माझ्या मांडीवर होतं. पाण्याचा दिवस नव्हता. आणि ग्रिलवर वाजलं — टण टण टण. बाळाला घेऊन धावत दार उघडलं... कोणी नाही. समोरची गुजराती भाभीही दारात उभी. "आपने बजाया क्या? पानी आया?" मी मानेनेच नाही म्हटलं. "लेकिन ऐसा तो सुनंदा ही..." आत नळाने फुस्स केलं आणि पाणी सुरू झालं. सवयीने मी पिंप भरलं, बादल्या भरल्या. शेवटची बादली भरली आणि पाणी गेलं. तेवढ्यात भाभीकडे फोन वाजला. हॉस्पिटलमधून दीर होते.

"वैनी, सुनंदा गेली."

संध्याकाळी तिला घरी आणलं. आमच्यात शेवटची अंघोळ घरी घालतात. त्याच पाण्याने घातली. बाकी बिल्डिंगमध्ये थेंब नव्हता. वॉचमन शपथेवर सांगत होता, "टंकी सूखी थी भाभी, मैंने वॉल खोला ही नहीं."

हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. पण मला छळतं ते वेगळंच. पेला तीनदा वाजला, तर मी धावत उठले. ती जिवंतपणी दोन महिने रोज सांगत होती, तेव्हा मी सुंठ उगाळत बसले.