सखूमावशी आणि प्रभुभोजनाची भाकर

सहा वर्षांपूर्वी पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, मी एका मुलाच्या कबरीवर ठेवलेली भाकर उचलली आणि कब्रस्तानाच्या भिंतीपलीकडे फेकली. ती सखूमावशीनं तिच्या दाविदसाठी ठेवली होती. आमच्या मंडळीतले पन्नास-साठ लोक बघत होते, आणि मावशीही बघत होती. तिला जाऊन आता पाच आठवडे झाले. तिच्याविषयी लिहायचं तर तिच्या मायेपासून सुरुवात करायला हवी होती, पण हे आधी सांगितल्याशिवाय तिच्या मायेबद्दल बोलायचा मला अधिकार नाही.

ती गेली तेव्हा मी कामासाठी पुसदला होतो. पाळकसाहेबांचा फोन आला. "सखूमावशी गेली," म्हणाले. मग ते हळूच म्हणाले, "या रविवारी प्रभुभोजन आहे..." आणि दोघांनाही एकदमच कळलं, की आता भाकर कोण करणार हे आपल्याला ठाऊक नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या देवळात प्रभुभोजन असतं; येशूच्या आठवणीत सगळे भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घेतात. त्याची बेखमीर भाकर गेली कित्येक वर्षं मावशीच करत आली. शनिवारी संध्याकाळी ती रसासाठी काळ्या मनुका भिजत घालायची, आणि रविवारी सकाळी आंघोळ करून बिनमिठाच्या, जरा जाडसर पोळ्या तव्यावर शेकायची. पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला स्टीलचा डबा वेदीच्या बाजूच्या खोलीत ठेवून ती मागे जाऊन बसायची. बाकावर नाही, खाली सतरंजीवर. चपला दाराबाहेर काढायची. केळापूरच्या बाजूच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची लेक. आमच्यातल्या शांतवनभाऊंशी लग्न ठरलं तेव्हा तिचा बाप्तिस्मा झाला. नाव बदलून घे असं कोणीतरी सुचवलं, तर म्हणाली, "मायनं ठेवलं हाय. देवाले काय अडचण हाय त्याची?" शांतवनभाऊ लवकर गेले. थोरली मार्था लग्न होऊन वणीला गेली. धाकटा दाविद एकोणीस वर्षांचा होता. वणीच्या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकनं त्याची मोटारसायकल उडवली...

पुनरुत्थानाच्या रविवारी आम्ही उजाडताना कब्रस्तानात जमतो. आदल्या आठवड्यात कबरींना चुना लावलेला असतो. लोक मेणबत्त्या लावतात, फुलं ठेवतात, गीतं होतात. मावशी फुलांबरोबर ज्वारीची एक भाकर ठेवायची, वर मिरचीचा ठेचा. दाविदला तेच आवडायचं. सगळ्यांना माहीत होतं. म्हातारी माणसं तिकडे बघून न बघितल्यासारखं करायची. आधीचे पाळक म्हणायचे, "राहू द्या, आई आहे ती."

त्या वर्षी मी मंडळीचा सेक्रेटरी होतो. नागपूरहून पाहुणे आले होते. त्यांच्यातल्या एकानं भाकरीकडे बघून मला विचारलं, "तुमच्याकडे अजून हे चालतं?" त्या प्रश्नात हसू होतं. माझ्या आज्यानं घरदार, गणगोत सोडून हा विश्वास धरला, असं मी अभिमानानं सांगत फिरायचो. मला वाटलं, हा माणूस आमच्या तीन पिढ्यांना हसतोय. मी पुढे झालो. "मावशी, हे मेलेल्यांना नैवेद्य दाखवणं आपल्यात बसत नाही," असं मोठ्यानं म्हणालो, पाहुण्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. आणि भाकर उचलून फेकली. पलीकडे सागाची झाडं आहेत. वाळलेल्या पानांवर ती पडली, तिचा खर्रकन आवाज झाला. गीत मध्येच थांबलं होतं, त्यामुळे तो सगळ्यांना ऐकू आला.

मावशी रडली नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, "तो जेवत नाही हे मले समजते बाबू. तेवढी येडी नाही मी. पण आज सणाचा दिवस, त्याच्याबिगर माह्या घशाखाली घास उतरत नाही."

तिथंच थांबलो असतो तरी... पण मी थांबलो नाही. मला बरोबर ठरायचं होतं. कमिटीची बैठक बोलावली, बायबलमधली वचनं काढून दाखवली आणि ठराव स्वतःच्या हातानं लिहिला: मूर्तिपूजेसारखं कृत्य घडल्याची लेखी कबुली देईपर्यंत सखूबाईंना प्रभुभोजनात भाग घेता येणार नाही. वचनाची काळजी मला नव्हतीच, पाहुण्यांसमोर लाज गेली याची होती. हे तेव्हाही आतून कळत होतं. कबुलीचा कागदही मीच तयार करून तिच्या घरी नेला. लहानपणापासून तिला 'तू' म्हणत आलो, त्या दिवशी 'तुम्ही' म्हणालो. तिनं मला पाणी दिलं, कागद वाचून घेतला, दोनदा वाचायला लावला.

"मी मूर्तीची पूजा केली असं लिवलं हाय ना?"

"तसंच म्हणायचं असतं, मावशी. सही केली की संपलं."

"म्हंजे खोटं बोलू, अन् मंग प्रभूची भाकर खाऊ? काहून बाबू, असं कुठं लिवलं हाय?"

मी कागद घेऊन परत आलो. पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी सकाळी बघतो तर डबा नेहमीच्या जागी. पांढरं फडकं, आत गरम पोळ्या. ठरावात तिला खाण्याची बंदी होती, करण्याची नव्हती. ते काम काढून घ्यायचं कोणाला सुचलं नाही, कारण दुसऱ्या कोणाला ते करायचं नव्हतं. सहा वर्षं असंच चाललं. ताट फिरायचं, माझा हात तिच्या हातच्या भाकरीला लागायचा, आणि ती सतरंजीवर डोळे मिटून बसलेली असायची. ताट तिच्यापाशी येताना वाटणारा जरा वळसा घ्यायचा. तुकडा मोडताना मला सागाच्या पानांचा आवाज यायचा. अजूनही येतो. कोणी पापड मोडला तरी येतो.

तिला शेवटचं भेटलो ते जाण्याच्या तीनेक आठवडे आधी. तिचे गुडघे दुखत होते म्हणून डबा आणायला मी गेलो. जायचं कारण डबा नव्हताच. बोलायचं ठरवूनच गेलो होतो. ती चुलीपुढे बसून पोळी शेकत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "यात चुकून मीठ पडलं असन तं मले कसं समजन बाबू? मले तं चाखाची बंदी हाय." आणि खळखळून हसली. "घाबरू नको बाप्पा, गंमत करून राह्यली मी." मीही हसलो. तोच क्षण होता. पाट पुढ्यात होता, तिनं सरकवलाही होता. मी म्हणालो, "उपासनेला उशीर होतो मावशी," आणि डबा घेऊन निघालो.

मातीच्या दिवशी मार्था वणीहून आली. दाविदच्या शेजारी मावशीला ठेवलं. सगळे पांगल्यावर मी मार्थाजवळ गेलो आणि म्हणालो, "मार्था, तुझ्या आईची मला माफी मागायची होती..."

"मंग माह्यापाशी कायले मागता दादा?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "भाकर सगळ्यांसमोर फेकली ना? हे मातर कानात सांगून राह्यले."

रविवारी वेदीवर बेकरीचा ब्रेड होता, कडा कापलेला. पाळकसाहेबांनी तो हातात घेतला आणि मी उठून उभा राहिलो. त्यांची परवानगी घेतली नाही. मार्था मागे सतरंजीवर बसली होती. ठरावाची वही मी बरोबर नेली होती, तो ठराव वाचून दाखवला. खालची तारीख आणि माझी सहीही वाचली. म्हणालो, हे पान फाडू नका, पुढच्यांना दिसू द्या. मावशी आपल्यासारखी नव्हती, आणि तसं असायची तिला गरजही नव्हती. आपण तिला उपाशी ठेवलं आणि तिच्या हातचं खात राहिलो. पुढचं पाठ करून आलो होतो, ते आठवेना. मग देवळात बोलतो ती भाषा सुटली आणि घरातली तोंडात आली.

"मावशी, तू कायबी चुकली नव्हती. भाकर म्या फेकली. ठराव म्या लिवला. सहा वर्षं मले समजत होतं, अन् मी गप्प बसलो. मले माफ कर."