एकटा जिराफ

ताते उसिएल गाडी नेहमी एकाच पद्धतीनं लावायचे. सूर्य पाठीशी, जनावर आडवं, शेपटीपासून शिंगापर्यंत पूर्ण कूस डोळ्यांसमोर. मग इंजिन बंद करून म्हणायचे, "घ्या. असा फोटो पोलीस चौकीतही चालेल."

फोटो काढायला येणाऱ्यांना पोलीस चौकीत चालणारा फोटो नको असतो. त्यांना डोळे हवे असतात, नाहीतर मावळत्या सूर्यापुढची काळी आकृती. पण ताते (वडीलधाऱ्यांना आम्ही असंच म्हणतो) गुरं पाळणाऱ्या हेरेरो जमातीतले. त्यांची हयात गुरांमागे गेली. हरवलेली गाय शोधायची तर डाव्या कुशीवर काय आहे, कान कसा कापलाय, हे सांगावं लागतं. तोंडं सगळी सारखीच असतात, असं त्यांचं ठाम मत होतं. पाहुण्यांबद्दलही हेच मत होतं.

दुष्काळानं त्यांचा कळप नेला. तेव्हा ते होआनिब नदीच्या कोरड्या पात्राकाठच्या आमच्या कॅम्पवर गाडी चालवायला आले. मीही राजधानीतून, विंडहुकहून, साहित्याची पदवी घेऊन तिथंच आलो होतो, दुभाष्या म्हणून. तातेंना इंग्रजी समजायची, पण ती तोंडात घ्यायची त्यांना इच्छा नसायची.

"या गाडीत बसून दिवसभर जनावरं दिसतात," ते मला म्हणाले होते. "दुसऱ्याची का असेनात."

आता तेच जायची वेळ आली होती. कॅम्पचे मालक, ओम दावी, सगळ्यांसमोर म्हणाले, "दोन तक्रारी झाल्या, उसिएल. तिसरी आली की किल्ली माझ्याकडे."

त्याच आठवड्यात हॅम्बुर्गहून ब्रेडेकाम्प बाई आल्या. वाळवंटातल्या एका एकट्या जिराफावर त्यांना अख्खं प्रदर्शन भरवायचं होतं. नाव ठरलं होतं, 'एकटा'. जिराफही पहिल्याच दिवशी मिळाला. तातेंनी गाडी नेहमीसारखी त्याची कूस समोर येईल अशी लावली.

"उजेड समोरून हवा, सांग त्यांना," बाई म्हणाल्या.

मी सांगितलं.

"समोरून? मग जनावर काळं दिसेल."

"तेच हवंय त्यांना, ताते."

"काळं तर माझ्या मेव्हण्याचं कुत्रंही दिसतं. त्यासाठी हॅम्बुर्गहून यायचं?"

"काय म्हणतायत?" बाईंनी विचारलं.

"इथं वाळू मऊ आहे म्हणतायत."

असे तीन दिवस गेले. वाळू रोज मऊ निघायची. बाई चिडून दोन-चार फोटो तसेच आडवे काढायच्या, मग गाडी फिरवायला लावायच्या. शेवटच्या संध्याकाळी निघताना मी तातेंना बाजूला घेतलं.

"किल्ली हवीय ना?"

"हवीय."

"मग सूर्य समोर. आणि गप्प बसायचं."

त्यांनी गाडी सूर्याकडे तोंड करून लावली. जिराफ टेकाडाच्या माथ्यावर होता. पूर्ण काळा. बाई आनंदानं हुंकार देत फोटो काढत होत्या. तातेंनी स्टिअरिंग घट्ट धरून डोळे मिटून घेतले होते.

"झालं का तिचं?" ते कुजबुजले.

"अजून नाही."

मग जिराफ टेकाड उतरला आणि गाडीच्या अगदी जवळून चालत गेला. त्याच्या अंगावर उजेड पडला. तातेंनी डोळे उघडले, आणि त्यांना राहवलं नाही. आमच्याकडे बैलाची स्तुती गातात, तसा त्यांनी सूर लावला.

"आली, उलट्या मडक्याची आली! मांडीवर मडकं मिरवणारी, कान फाटका, चाल राणीची. जिच्या मानेवर गळता गळता तीन पानं थांबली!"

मी थक्क होऊन ऐकत राहिलो. अंगावरचे डाग ते असे वाचत होते, की असं काही माझ्या एकाही पुस्तकात नव्हतं.

"काय म्हणतायत?" बाईंनी विचारलं.

वाळू मऊ आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण मी सगळं सांगितलं. मडकं, कान, पानं. शब्दन् शब्द.

"आली?" बाई म्हणाल्या. "हा नर आहे. माझा एकटा."

ताते माझ्याकडे वळले. "कालचा नर होता. परवाची गाभण होती. पहिल्या दिवशीचं तर नुसतं पोर. ही म्हातारी आज पहिल्यांदा आलीय. सांग त्यांना."

"ताते, नको."

"सांग. जनावराच्या बाबतीत खोटं बोलू नये."

मी सांगितलं. बाईंनी कॅमेऱ्यातले जुने फोटो उघडले. काळ्या आकृत्या सगळ्या एकसारख्या होत्या. पण चिडून काढलेल्या आडव्या फोटोंत तीन वेगवेगळ्या कुशी होत्या. एकात तर मागच्या झुडपातून दुसऱ्या जिराफाची मान वर आलेली होती. अख्खं कुटुंब शंभर पावलांवर चरत होतं.

कॅम्पवर पोचताच बाईंनी तक्रारवही मागवली. तीत लिहिलं: ड्रायव्हर कलावंताच्या कामात ढवळाढवळ करतो.

ओम दावींनी हात पुढे केला. तातेंनी किल्ली दिली.

मी माफी मागायला त्यांच्या झोपडीवर गेलो. ते आंबवलेलं दूध पीत बसले होते.

"तू बरोबर सांगितलंस," ते म्हणाले. "फक्त मडक्याचं जरा घाईत उरकलंस."

पुढच्या आठवड्यात पाणवठे आटले. ते भरायला ओम दावींनी तातेंना पाण्याच्या ट्रॅक्टरवर बसवलं. कॅम्पवरचं सगळ्यांत हलक्या दर्जाचं काम. कुणी ते मागून घेत नाही. दोन दिवस ताते जेवायलाही वेळेवर आले नाहीत, म्हणून मी शोधायला गेलो.

ट्रॅक्टर पाणवठ्याशी उभा होता. सूर्य पाठीशी. समोर झेब्रे रांगेनं पाणी पीत होते, एकजात आडवे.

"बघ," ताते हळूच म्हणाले. "पाणी पिताना आपणहून कूस दाखवतात. कुणाला सांगावं लागत नाही. आणि मागं कुणी बसलेलंही नाही."

मी चाकाच्या सावलीत बसलो. त्यांनी एकाकडे हनुवटी केली.

"हा ओळखलास?"

"झेब्रा," मी म्हणालो.

तातेंनी हनुवटी माझ्याकडे वळवली.

"विंडहुकला चार वर्षं," ते म्हणाले. "चार वर्षं काय शिकवत होते रे तुला?"