झिरो पण ओरडायचा

इथल्या जबल जैस डोंगरावर बर्फ पडला आणि सकाळी ह्यांच्या हवामान ऑफिसच्या मॅडमचा फोन, ऊन चढायच्या आत वर पोचायचं, यल्ला, चला लवकर. हे त्यांचे ड्रायव्हर. बर्फाची मापं घेणारा माणूस आजारी, म्हणून ते काम पण ह्यांच्यावरच आलं. मी म्हटलं, मी पण येते, पोरीला बर्फ दाखवते. अजमानच्या खोलीत तिने फ्रीजरमधलाच बघितलाय.

वर थंडी अशी की उभ्या उभ्या दम लागायचा. रस्त्याच्या कठड्यापलीकडे, उतारावर सावलीत बर्फ उरलेला. हे खुणांची काठी घेऊन पलीकडे उतरले. रत्नागिरीचा माणूस, बोटीवर चालेल, दगडावर नाही. काठी खाली दगडाला लागेपर्यंत बर्फात खुपसायची, किती सेंटीमीटर बुडाली तो आकडा ओरडायचा, थोडं पुढे जाऊन परत खुपसायची. मॅडम वळणापलीकडे गाडीपाशी लिहिणार. तिथे आवाज पोचेना, म्हणून मी कठड्याशी उभं राहून तोच आकडा परत ओरडायचा.

"जमेगा ना इसको?" गाडीकडे जाण्याआधी मॅडमने विचारलं.

"चिल्लाना इसको मत सिखाओ मॅडम, घर में रोज प्रॅक्टिस है," हे खालून म्हणाले.

"चार!"

"चार!" मी.

"तीन!"

"तीन!"

मग ढग आला. हे दिसेनासे झाले, नुसते आकडे यायचे. आकडा आला की मला कळायचं, पाय जागेवर आहे ह्यांचा. "दो!" आलं, आणि मग काहीच नाही.

मी परत "दो" ओरडले. काही नाही. "अहो!" काही नाही. पोर कडेवर रडायला लागली, "मम्मी, व्हेअर इज अब्बा?" माझ्या तोंडात या अल्ला, या अल्ला, एवढंच. तिला घेऊनच मी कठड्यावर पाय टाकला. माझा आवाज ऐकून मॅडम धावत आल्या होत्या, त्यांनी मागून घट्ट धरलं.

तेवढ्यात ढगातून काठीचं टोक वर आलं, त्यामागे हे.

"गप्प का बसलात?" मी किंचाळले.

"अगं, पुढे बर्फच नव्हता. नुसता दगड. काय सांगू?"

मॅडमने मला सोडलं. "झिरो भी रीडिंग होता है भैया. झिरो बोलना पडता है."

ढग विरळ झाला तसे हे परत उतरले.

"झिरो!"

मला रडूच फुटलं, आवाज निघेना.

"झिरो! ऐकतेस ना गं?"

"झिरो!" मी ओरडले. पुढे कुठेच बर्फ नव्हता. सगळे झिरोच आले, आणि मी एकही सोडला नाही.