मिस्त्रींनी न उघडलेलं इंजिन

आमच्या गल्लीच्या तोंडाशी स्कूटर दुरुस्त करणारे मिस्त्री म्हणजे भला माणूस, फक्त तोंडाला झाकण नाही. इंजिन पूर्ण उघडून नवं केलं की ते किलोमीटरचा काटा शून्यावर आणायचे. का, तर "आज हिचा जन्म झालाय, मागचं वय हिच्या माथी कशाला मारायचं?" वर मालकाचं अभिनंदन. माझं केलं तेव्हा मी नव्या बापासारखा लाजलो होतो.

हा लाडका उद्योग एका दलालाच्या पथ्यावर पडला. मिस्त्रींकडून नव्या करून आणलेल्या जुन्या गाड्या तो 'फारशा न चाललेल्या' म्हणून विकायचा. एका नर्सबाईंची गाडी आठवड्यातच रस्त्यात बसली आणि अशा सगळ्याच गाड्यांच्या फसवणुकीच्या खटल्यात दलालाशेजारी मिस्त्रीही उभे राहिले. शिक्षा झाली तर थेट तुरुंग.

वकीलबाईंनी बचाव समजावला. "नुसता काटा फिरवल्यानं फसवणूक ठरत नाही, मनात फसवायचं असावं लागतं. तुम्ही इंजिन खरंच नवं करत होता, तेही गल्लीभर सांगून. लबाड माणूस अशी दवंडी पिटत नाही."

"पण नर्सबाईंचं इंजिन मी उघडलंच नाही," मिस्त्री खाली बघत म्हणाले. "दलाल म्हणाला, आज नुसता काटा फिरवा, इंजिन मागाहून. मी पैसे घेतले."

वकीलबाईंनी पेनाला टोपण लावलं. "ते त्यांना सिद्ध करू दे. तुम्ही खोटं बोलायचं नाही आणि आपणहून खरंही बोलायचं नाही. जमेल?"

"यांना?" मिस्त्रींची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणाल्या. "झोपेतसुद्धा गिऱ्हाइकाशी बोलतात हो!"

कोर्टात सरकारी तज्ज्ञ साक्षीला उभा राहिला तेव्हा वहिनींनी माझ्या शर्टाची बाही मुठीत धरून पार चुरगळली होती. तज्ज्ञ म्हणाला, "या गाडीचं इंजिन उघडलेलं आहे."

वकीलबाई खुर्चीत ताठ झाल्या. कुणीतरी पूर्वी कधी उघडलं असेल. पण त्या एका वाक्यानं आमचा अख्खा बचाव सरकारी खर्चानं उभा राहिला होता! आता फक्त गप्प बसायचं.

"मात्र काम अगदी गचाळ," तज्ज्ञ पुढे म्हणाला. "व्हॉल्व्ह वाकडे बसवलेत."

मिस्त्रींचे कान लाल झाले. वहिनी पुटपुटल्या, "नको हं. अहो, नको." वकीलबाईंनी मागे न बघताच हात आडवा केला.

"साहेब, हे माझं काम नाही!" मिस्त्री ओरडले. "मी वाकडा व्हॉल्व्ह बसवीन? मी ते इंजिन उघडलंच नाही! नुसता काटा फिरवलाय!"

टंकलेखकाची बोटं तेवढी वाजत राहिली.

बाकीच्या गाड्यांतून मिस्त्री सुटले. नर्सबाईंच्या गाडीत दोषी ठरले. दलालाला दीड वर्षाची कैद झाली ते ऐकून वहिनींनी डोळे मिटले ते मिटलेच. वकीलबाई म्हणाल्या, पहिलाच गुन्हा आहे, शिवाय पोलिसांना न सापडलेलं सत्य यांनी स्वतः सांगितलं. सरकारी वकील म्हणाले, "पश्चात्तापानं नाही, रागानं सांगितलं." तेही खोटं नव्हतं.

न्यायाधीश बराच वेळ लिहीत होते.

"कोर्ट उठेपर्यंत कैद. दंड. आणि नर्सबाईंना दुरुस्तीचा पूर्ण खर्च."

वहिनींनी माझी बाही सोडली. मिस्त्री संध्याकाळपर्यंत शिपायाशेजारी बाकावर बसून राहिले आणि कोर्ट उठल्याबरोबर नर्सबाईंपाशी गेले.

"बाई, चुकलो मी. गाडी आणा, इंजिन फुकट नवं करून देतो."

"नको. नाक्यावरच्या गॅरेजात टाकलीये. तुम्ही फक्त बिल भरा."

मगाशी न्यायाधीशांपुढे न उतरलेला चेहरा आता उतरला. दुसऱ्याच्या हातात!

"भरतो," ते म्हणाले. "पण ते इंजिन बसवतील तेव्हा मी तिथं नुसता उभा राहू का?"

नर्सबाईंनी त्यांना नीट निरखून पाहिलं.

"लांबून," त्या म्हणाल्या.