काणीचं औषध

माझ्या एमेस्सीच्या प्रबंधात एका कोष्टकात एक शून्य आहे. त्या शून्याचं तेव्हा फार कौतुक झालं होतं. ते कसं आलं हे प्रबंधात कुठंच नाही, म्हणून आता म्हातारपणी इथं लिहितो.

निजाम जाऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. मी तुळजापूरचा, मास्तराचा मुलगा. नांगराचा फाळ कुठल्या बाजूला असतो तेसुद्धा मला कॉलेजात गेल्यावर कळलं. पण वनस्पती संरक्षण हा विषय घेऊन एमेस्सीला बसलो आणि मला शिंगं फुटली. बापाला मी भर जेवणात सांगितलं होतं की हे लोक पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी पेरतात, पण ज्वारी म्हणजे काय ते ह्यांना ठाऊक नाही. वडिलांनी ताक वाढून घेतलं.

माझा विषय होता काणी. काणी म्हणजे ज्वारीचा रोग. बी उगवतानाच बुरशी कोंबात शिरते. मग ताट वाढतं, हिरवंगार राहतं, कणीस बाहेर पडतं, आणि कुणाला काही पत्ता नसतो. दाणा भरायच्या वेळी दाण्याच्या जागी करडी बोंडं दिसतात, बोटांत चिरडली की आत काळी भुकटी. चार महिने तो रोग ताटाच्या आतून वर चढत असतो आणि बाहेरून झाडाला काहीच झालेलं नसतं. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. नंतर परीक्षेसाठी पाठ केलं आणि काटा गेला.

प्रयोगाला जमीन मिळाली जळकोटपासून दोन कोस आत, एका शेतकऱ्याच्या वावरात. त्यांना सगळे आण्णा म्हणत. घरात आण्णा, त्यांची बायको आणि आण्णांची थोरली बहीण. बहीण विधवा, माहेरीच राहिलेली, पन्नाशीची. तिला आक्का म्हणायचं. तिच्या डोक्यावरचा पदर डाव्या बाजूनं नेहमी पुढं ओढलेला असायचा. मला वाटायचं, असेल ह्यांच्यात रीत. तिनं पहिल्याच दिवशी माझी फिरकी घेतली.

"झाडाचा डाक्टर व्हय तू? मग सांग बरं, झाडाची नाडी कुठं असती?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तीच हसत सुटली. त्या घरात मला खरं म्हणजे तिच्यामुळं करमलं. रोज भाकरीवर लसणाची चटणी आणि वर तेलाची धार, आणि जेवताना समोर बसून चौकशी. "अजून घे रं, पुस्तकानं पोट भरत न्हाय."

पेरणीच्या दिवशी अंगणात मी मडक्यात बी घालून, वर भुकटी टाकून मडकं हलवत होतो. दोन प्रकारची भुकटी होती. एक साधा गंधक. दुसरी पाऱ्याची, नव्यानं आलेली, बाहेरदेशची. तिच्या डब्यावर इंग्रजीत विष लिहिलेलं होतं, कवटीचं चित्रही होतं. डबा मी पेटीतच ठेवायचो, भुकटी कागदाच्या पुडीतनं काढायचो. आमच्या कॉलेजातल्या गुरुजींनी बजावलं होतं, "विष म्हणू नका. विष म्हटलं की शेतकरी हात लावत नाही. औषध म्हणा." मीही म्हणत होतो. मनात एकदा आलं होतं की सांगावं. पण मला प्लॉट हवा होता, आणि ती जमीन हातची गेली असती तर माझं वर्ष गेलं असतं.

बघायला चार माणसं जमली. मला चेव चढला. मडकं वर धरून मी म्हणालो, "आण्णा, हे औषध असं जालीम आहे, की एकदा लागलं की काणी कायमची गेली म्हणून समजा!"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. आण्णा खोकले आणि त्यांनी मान खाली घातली. स्वैपाकघराच्या दारात आक्का उभी होती. ती पदर ओढून आत गेली. मला काही उलगडा झाला नाही, आणि तो करून घ्यायची गरजही मला वाटली नाही.

पेरून थोडं बी उरलं. उगवण विरळ झाली तर नांग्या, म्हणजे मधल्या रिकाम्या जागा, भरायला लागेल म्हणून मी दोन पिशव्या केल्या. गंधकाच्या पिशवीला पांढरा दोरा, पाऱ्याच्या पिशवीला तांबडा. आक्काच्या हातात दिल्या.

"आक्का, ह्याला औषध लावलंय. नीट जपून ठेवा. कुणाला हात लावू देऊ नका."

तिनं दोन्ही हातांनी घेतल्या. काही विचारायचं होतं तिला, ओठ हललेही. मग म्हणाली, "व्हय लेकरा. म्या जपते."

घट बसायच्या आदल्या दिवशी मी कॉलेजला परत गेलो.

परत आलो तो दिवाळी झाल्यावर, पाच आठवड्यांनी. जळकोटला एसटीतनं उतरलो आणि चालत निघालो. वावर वाटेतच होतं. ताटं गुडघ्याच्या वर आलेली, एकसारखी, कुठं विरळ नाही. मी खूश होतो. शीळ घालत घराशी आलो आणि अंगणात माझी शीळ मला एकट्यालाच ऐकू यायला लागली.

आण्णांच्या दारात चिमण्यांसाठी कणसं टांगलेली असत आणि दिवसभर तिथं नुसता कलकलाट चालायचा. कणसं होती, दाण्यांनी भरलेली. चिमणी एक नव्हती. लिंबाखाली एक कोंबडी एकाच बाजूला मान टाकून गोल फिरत होती. फिरत फिरत बुंध्यावर आपटायची आणि पुन्हा तशीच फिरायला लागायची. मी हाड हाड केलं, तर तिला त्याचं काहीच नव्हतं.

आक्का ओट्यावर बसली होती. मी समोर जाऊन उभा राहिलो, तरी ती माझ्या खांद्याच्या पलीकडं बघत होती.

"कोण हाय?"

"मी, आक्का."

"डाक्टर व्हय? जरा नीट म्होरं ये. बाजूचं दिसंना मला."

हसत होती. तोंड उतरलेलं, गालफडं वर आलेली, आणि हसू मात्र नव्या नवरीचं. आण्णा रानात आणि वहिनी पाण्याला गेल्या होत्या. "बस, च्या करते," म्हणाली आणि भिंतीला हात लावत आत गेली. ते घर तिच्या पायाखालचं होतं हो! तिला भिंत कशाला लागावी? मी मागोमाग आत गेलो. ती कपात चहा ओतत होती. धार कपाच्या शेजारी पडत होती, तिच्या डाव्या हातावर. वाफाळता चहा. ती ओततच राहिली.

मी ओरडून भांडं हिसकावलं. "आक्का, भाजलं की! चटका बसला नाही?"

"कसला चटका?" तिनं हात डोळ्याशी नेऊन बघितला. मग माझ्याकडं झुकली आणि हळूच म्हणाली, "तुला म्हनून सांगते. दुसऱ्या कुनाला सांगायचं न्हाय, नेम मोडतो. बोटाला मुंग्या येत्यात. ओठालाबी येत्यात. औषध लागतंय!"

"कसलं औषध?"

"तुजंच की. रोज सकाळी अनशापोटी मूठभर भिजवून खाते. आदी घटात पेरून बघितलं. असं लसलसून धान आलं, म्या जन्मात बघितलं न्हाय. मग म्हनलं देवीनंच धाडलंय."

"पण तुम्ही का खाल्लं? ते ज्वारीच्या काणीचं औषध आहे!"

तिनं पदर मागं सारला. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा तिचा डावा डोळा बघितला. पांढरा, बुबुळ नसलेला.

"ज्वारीची कशाला? गावात काणी कोन हाय? म्याच की! लहानपनी धसकटावर पडले तवापास्नं काणी म्हनत्यात मला. तू चार मानसांत बोललास, काणी कायमची जाती. म्या ऐकलं, सगळ्यांनी ऐकलं. मला लाज वाटली, पन आसबी लागली."

पिशव्या ठेवल्या होत्या त्या उतरंडीकडं मी धावलो. पांढरा दोरा, पांढरा दोरा असू दे, एवढंच म्हणत होतो. देवाचं नाव घेतलं नव्हतं वर्षानुवर्षं, तेव्हा घेतलं. पांढऱ्या दोऱ्याची पिशवी जशीच्या तशी होती. गाठसुद्धा माझीच. तांबड्या दोऱ्याच्या पिशवीत तळाला बोटभर दाणे उरले होते.

"तांबडीच घेतली," आक्का मागनं म्हणाली. "देवीचा रंग."

चिमण्या कशा गेल्या तेही तेव्हा कळलं. खाण्याआधी ती ते दाणे अंगणात पाखडायची.

आण्णा आले. मी दारातच सांगितलं, "आण्णा, ते विष होतं." त्यांच्या खांद्यावरचा आसूड खाली पडला.

"तुमी तर औषध म्हनला हुता," ते म्हणाले.

त्यांनी मला मारायला पाहिजे होतं. मारलं नाही. बैल जुंपले.

बैलगाडीनं जळकोट, तिथनं एसटीनं सोलापूर. गाडीत आक्का माझ्या शेजारी बसली होती. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा खळखळत होत्या, चाकं करकरत होती, आण्णा बैलांना ओरडत होते. आणि ती मला म्हणाली, "आज समदं रान असं गप का रं? पाखरू न्हाय, काय न्हाय." मी तिचा हात धरला. आपला हात कुणी धरलाय हे तिला खाली बघितल्यावर कळलं.

सोलापूरला डॉक्टरांनी पोट धुतलं, सुया दिल्या, आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की पारा मुरलाय, आता जे होईल ते बघत राहायचं. आम्ही बघत राहिलो. तिच्या चांगल्या डोळ्याची नजर कडेनं मिटत चालली. आधी दार दिसेना, मग खाटेचा कठडा, मग माझं नुसतं नाक दिसायचं. "नाक लई मोठं हाय रं तुजं," म्हणायची. एके दिवशी सकाळी तिनं विचारलं, "अजून उजाडलं न्हाय व्हय?" खिडकीतनं तिच्या तोंडावर ऊन पडलं होतं.

जीव वाचला. तो वाचला म्हणून मी रडलो, आणि त्या रडण्यात निम्मी भीती माझ्या स्वतःसाठी होती, हेही लिहून ठेवतो.

सुगीत मी कणसं मोजायला गेलो. मजूर यायला तयार नव्हते, एकट्यानं मोजली. औषध न लावलेल्या पट्ट्यात काणी होती, गंधकाच्या पट्ट्यात थोडी होती. पाऱ्याच्या पट्ट्यात सगळी कणसं पांढरीशुभ्र, टपोरी. त्या पट्ट्यात एक पाखरू बसलं नव्हतं आणि वाऱ्यात पानं वाजत होती. मी मुद्दाम पुन्हा पुन्हा मोजलं. एक तरी काणीचं कणीस सापडावं म्हणून मोजलं. सापडलं नाही. गुरुजींनी ते शून्य बघून माझी पाठ थोपटली. मी त्यांना आक्काचं सांगितलं. ते म्हणाले, "हे प्रबंधात नको." मी घातलं नाही.

छापलेला प्रबंध हातात आला तेव्हा मी त्या घरी गेलो. कशाला गेलो ते मला आजही सांगता येणार नाही. माफी मागायचा धीर नव्हता. आक्का ओट्यावर ज्वारी निवडत होती, बोटांना काही कळत नसतानाही सुपात हात फिरवत. अंगणात चिमण्या परत आल्या होत्या. मी पाय धरले, तेही तिला कळलं नाही. आण्णांनी तिच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं सांगितलं, "डाक्टर आलाय."

तिनं पदर पुढं ओढला नाही. मी होतो त्याच्या भलत्याच बाजूला तोंड करून म्हणाली, "लेकरा, तुजं औषध लागू पडलं बग. आता मला गावात कुनीबी काणी म्हनत न्हाय."

मला वाटलं ती भ्रमात आहे. मी आण्णांकडं बघितलं. आण्णा खाली बघत होते.

"आंधळी म्हनत्यात," ती म्हणाली.