तिच्या नावानंतरची शांतता

परळच्या मुलींच्या शाळेत मी दुसरीचा वर्ग घेत असे. शाळेची मागची बाजू गिरणीच्या भिंतीला लागून होती. खिडकी उघडली की सुताचा, यंत्राच्या तेलाचा आणि शिजवलेल्या खळीचा वास एकदमच आत येई. मुलींच्या वेण्यांत कापसाचे पांढरे तंतू अडकलेले असत. आयांच्या पदरावरून ते त्यांच्या केसांत येत आणि केसांतून माझ्या टेबलावर. वर्गात त्रेचाळीस मुली होत्या. मधल्या सुट्टीत त्या पट्ट्या उंचावून मोर्चा काढीत आणि ‘झालाच पाहिजे’च्या घोषणेने जिना दणाणून सोडीत. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून सारे शहर पेटले होते, आणि सात वर्षांच्या मुलींनाही ते आपलेच भांडण वाटत होते.

मी गिरगावातल्या ठाकूरद्वारची. पती गेल्यावर सासरचे घर सुटले आणि दादरला एक खोली घेऊन मी राहू लागले. शाळेत दिवसभर सगळे मला ‘बाई’ म्हणत. संध्याकाळी खोलीत परतल्यावर काहीही म्हणणारे कोणी नसे. माझे स्वतःचे नाव मी कित्येक महिने कुणाच्या तोंडून ऐकले नव्हते.

ती मुलगी हजेरीपटावर सतराव्या क्रमांकावर होती. तिचे नाव पुकारले की मी थांबत असे. चार श्वास, कधी पाच. ती खिडकीच्या गजांकडे बघत राही. मग मी तिच्या नावापुढे खूण करून अठरावे नाव घेई. पाढे सुरू झाले की ती दोन्ही कानांवर तळवे दाबून धरी आणि गुडघ्यांत डोके घालून मागेपुढे डुलू लागे. तिची जागा खिडकीजवळच्या तरटाच्या टोकाला होती. तिथे दुसरी कोणी बसली तर ती शाळा सुटेपर्यंत उभी राही, रडत नसे.

“बाई, तिला कशाला विचारता?” पहिल्या रांगेतली एक चुणचुणीत मुलगी म्हणे. “आमच्या चाळीत तिला धोंडाबाई म्हणतात!”

वर्ग खदखदून हसे. मी पट्टी आपटून हसू थांबवीत असे, आणि तो पट्टीचा आवाज तिला हसण्याहून अधिक लागे, हे मला फार उशिरा उमगले. ट्रेनिंग कॉलेजात मी आदर्श पाठ दिले होते, फळ्यावर मोत्यासारखे अक्षर काढले होते. पण अशा मुलीपुढे उभे कसे राहायचे, हे तिथे कोणी शिकवले नव्हते. आज तिच्यासाठी ‘स्वमग्न’ असा शब्द आहे. तेव्हा दोनच शब्द होते. मुकी, किंवा वेडी.

दिवाळीनंतर शिक्षण खात्याच्या साहेबांची तपासणी होणार होती. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला बोलावून घेतले.

“साहेबांसमोर ती अशीच बसली तर तिचे नाव पटावरून कमी करावे लागेल. मुक्यांची शाळा निराळी असते, बाई.”

“ती मुकी नाही.”

“तुम्ही ऐकलेत तिला बोलताना?”

मी ऐकले नव्हते.

ऐकले होते ते तिच्या आईने. ती गिरणीत वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळण्याच्या कामावर होती. मी निरोप धाडल्यावर ती पाळी संपवून तशीच आली, दारातच उभी राहिली.

“बोलता ती, बाई. भिंतीवांगडा, भिंतीकडे तोंड करून बोलता. माणूस आला की गप.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “शाळेतून काढू नकात. सकाळी मी जातंय, घोव जाता. खोलीक कडी लावून एकदा ठेवलेली, तर दारावर हात आपटून आपटून सोलून घेतल्यान. तुम्ही काढलात तर गावाक जावेकडे धाडूक लागतला. आणि जाव माझी...” 

त्यानंतर थोड्याच दिवसांत हरताळ झाला. ट्राम बंद, दुकाने बंद. शाळा भरणार नाही हे मला ठाऊक होते, पण त्या शांत दिवशी खोलीत बसून राहणे मला जमले नाही. मी चालत निघाले. हिंदमाताजवळ कापडाच्या दुकानांना फळ्या लागल्या होत्या, आणि रस्त्यावर माझ्याच चपलांचा आवाज मला ऐकू येत होता. शाळेच्या शिपायाने नाइलाजाने फाटक उघडले आणि बोट दाखवले. ती पायरीवर बसली होती, दप्तर मांडीवर घेऊन. शाळेची वेळ झाली म्हणून ती आली होती. हरताळ तिच्या वेळापत्रकात नव्हता.

आम्ही दोघी वर्गात गेलो. ती आपल्या जागी बसली. गिरणी बंद असल्यामुळे खिडकीतून वास नव्हता, घरघर नव्हती. मी सवयीने हजेरीपट उघडला, पण वाचायचे काय? मी तो तसाच ठेवला.

तेव्हा खिडकीकडून माझाच आवाज आला.

ती हजेरी घेत होती. माझ्या गिरगावी उच्चारांत, माझ्या चढउतारांसह, पहिल्या क्रमांकापासून. प्रत्येक नावापाठोपाठ त्या त्या मुलीचा ‘हजर, बाई’ येत होता. एकीचा सर्दाळलेला, एकीचा नाचरा, पहिल्या रांगेतल्या त्या चुणचुणीत मुलीचा तोडल्यासारखा. सतरावे नाव आले. ते तिने माझ्या आवाजात घेतले आणि ती थांबली. चार श्वास. पाच. मग अठरावे.

ती स्वतःत मग्न नव्हती. आम्हा सगळ्यांना तिने कानांत जपून ठेवले होते. आणि मी इतके महिने जे उत्तर मिळत नाही म्हणून खंतावत होते, ते रोज मिळत होते. ती शांतता हाच तिचा ‘हजर’ होता. त्रेचाळिसावे नाव संपले तेव्हा माझ्या ओठांवर खारट चव होती.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या बाईंना सांगितले. “हरताळाच्या दिवशी?” त्या म्हणाल्या. “बरोबर कोण होते?” कोणी नव्हते.

तपासणीच्या दिवशी साहेब माझ्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “हं, हजेरी घ्या.” मी सुरू केली. सोळावे नाव झाले. त्या क्षणी मला भीती वाटली. साहेबांना ती शांतता ऐकू जाईल, ते विचारतील, आणि सारे तिथेच संपेल. म्हणून मी तिचे नाव घेतले आणि श्वासही न घेता अठरावे पुकारले.

मी तिचे उत्तर कापले होते.

ती किंचाळली. तशी किंकाळी मी त्याआधी ऐकली नव्हती. पाटी भिंतीवर फुटली, तिने स्वतःचे मनगट चावले, मुली रडत एकमेकींना चिकटल्या. मी तिच्याजवळ गेले, पुन्हा तिचे नाव घेतले, थांबले. पण मोडलेली गोष्ट तशी सांधली जात नाही.

साहेब वाईट नव्हते. रुमालाने चष्मा पुसत ते म्हणाले, “बाई, इतर बेचाळीसजणींचाही विचार करायला हवा.”

दाखला लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. ‘मुकी असल्यामुळे’ असे कारण मोठ्या बाईंनी सांगितले. मी ‘पालकांनी गावी नेल्यामुळे’ असे लिहिले, आणि शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरांत लिहिले: ‘बोलते. एकटी असताना ऐकावे. नाव घेतल्यावर वेळ द्यावा, घाई करू नये.’

“दाखल्यावर असले कुणी लिहीत नाही,” मोठ्या बाई म्हणाल्या.  तरी त्यांनी सही केली.

आई दाखला न्यायला आली. तिला वाचता येत नव्हते.

“काय लिवलात, बाई?”

मी वाचून दाखवले.

“बोलता म्हणान लिवलात?” तिने विचारले. “कोणी आयकला?”

“मी.”

“एकट्या तुम्हीच,” ती म्हणाली. कागदाची बारीक घडी करून तिने तो चोळीत ठेवला आणि मुलीचे मनगट धरून जिना उतरली. चपलांचे चार आवाज मी फाटकापर्यंत ऐकले.

तिकडच्या एखाद्या मास्तरांनी तो शेरा वाचला का, हे मला कधीच कळले नाही. मला पत्र घालता आले असते. गावाचे नाव आमच्या रजिस्टरात होते. एक कार्ड मी लिहूनही ठेवले होते. टाकले नाही. ‘अशी कोणी मुलगी आमच्या शाळेत दाखल झालेली नाही’ असे उत्तर आले असते, तर ते मला दादरच्या त्या खोलीत एकटीने वाचावे लागले असते.